पंतप्रधानांची समई

पंतप्रधानांचे मोजे अजून होते. त्याच राखाडी खोक्यात, पांढऱ्या कागदाच्या घडीत, उजव्या टाचेवरच्या त्याच रफूसकट. लॉराने झाकण उचललं आणि जुन्या लोकरीचा वास वर आला. मला वाटलं होतं, दहा वर्षांत निदान वास तरी उडून गेला असेल. तो कुठला जातोय.

मी रेजिनाला नोकरीच्या मुलाखतीसाठी आले होते. मुलाखत सकाळी आटपली, हॅमिल्टनला परत जायचं विमान संध्याकाळी होतं. मधली दुपार रिकामी होती, आणि या गावात रिकामी दुपार घालवायची मला एकच जागा ठाऊक होती. विद्यापीठाच्या मागे, तळ्याकाठी, विटांची एक बसकी इमारत. या देशाच्या एका जुन्या पंतप्रधानांचं संग्रहालय. वरच्या मजल्यावर त्यांचं टेबल, त्यांच्या टोप्या, मासे पकडायच्या काठ्या; खाली बेसमेंटमध्ये त्यांचे कागद आणि देशोदेशींहून आलेल्या भेटी. त्यांचं नाव मी सांगत नाही. इथल्या मुलांना ते शाळेत शिकवतात आणि मुलं ते परीक्षेनंतर विसरून जातात, मीही विसरले होते. मला ते माणूस म्हणून ठाऊक आहेत ते मोज्यांमुळे आणि आईमुळे.

लॉरा तिथली नवी क्युरेटर. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी असेल. काउंटरपाशी मी म्हटलं, "माझी आई इथे खाली काम करायची. शाळा सुटली की मी पण यायचे." तिने आईचं नाव विचारलं. सुनंदा, मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि "चल" म्हणून जिन्याचं दार उघडलं. प्रेअरीतल्या, या सपाट गवताळ मुलखातल्या माणसांचं हे असं आहे. दार उघडायला त्यांना फार मोठं कारण लागत नाही.

जिना उतरताना मी पायऱ्या मोजल्या नाहीत, पायांनीच मोजल्या. खाली तीच घरघर, हवेतली ओल शोषून घेणाऱ्या यंत्राची. तोच गारवा. जुन्या फिल्मच्या डब्यांतून येणारा आंबूस वास, व्हिनेगर सांडल्यासारखा. आणि त्या सगळ्याखाली कागदाचा वास, जो आईच्या मते जगात सगळीकडे सारखाच असतो, पुण्यात काय आणि सस्कॅचेवानात काय. "कागद म्हातारा झाला की त्याची जात जाते," असं ती म्हणायची.

आई पुण्याची. तिथे ती एका दफ्तरखान्यात मोडी वाचायची. लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल सोडायचे, कारकुनांची घाईघाईची अक्षरं लावायची, आणि कोणी कोणाला किती तूप पाठवलं, कोणाच्या बैलाने कोणाच्या शेतात तोंड घातलं हे देवनागरीत उतरवून काढायचं. बाबांना इथे सरकारी खात्यात कॉम्प्युटरची नोकरी लागली आणि आम्ही रेजिनाला आलो. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांची नोकरी आमच्याबरोबर विमानातून आली, मला शाळा कुठेतरी मिळायचीच होती; आईची मोडी तेवढी तिकडेच राहिली. तिने अप्लाय करायचं तरी कुठे कुठे, आणि अर्जात लिहायचं काय? तीनशे वर्षांपूर्वीचं वाईट अक्षर मला लागतं, असं? पहिला हिवाळा तिने खिडकीत बसून काढला. बाहेर बर्फ, आत आई, आणि टीव्हीवर न कळणारी विनोदी मालिका. मी शाळेतून आले की ती एकदम उठायची, दिवसभर काहीतरी करत होते असं दाखवायला.

मग नव्याने आलेल्यांच्या इंग्रजीच्या वर्गाने एकदा सगळ्यांना हे संग्रहालय बघायला नेलं. 'जगाच्या भेटी' नावाचं काचेचं कपाट होतं, त्यात जांभळ्या रेशमावर छापलेलं एक मराठी मानपत्र. पंतप्रधान कधीकाळी भारतात गेले होते, तेव्हा आपल्याकडच्या कुठल्याशा इंजिनिअरिंग कॉलेजने त्यांना इमारतीच्या उद्घाटनाला बोलावलं होतं. तिथलं ते. फ्रेममध्ये व्यवस्थित लावलेलं, आणि उलटं. सगळी अक्षरं शीर्षासन करून उभी. आईला 'उलटं' इंग्रजीत म्हणता येत होतं, पण तिने वेगळंच केलं. तिने मान पार खांद्याला टेकवली आणि तशा वाकड्या मानेने ते मानपत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वर्गातली सगळी माणसं हसायला लागली. आवाज ऐकून डोरीन धावत आली.

डोरीन तेव्हा तिथली प्रमुख होती. साठीची, आखूड पांढरे केस, आणि अंगात कायम एक हिरवा स्वेटर, ज्याच्या दोन्ही खिशांत पेन्सिली कोंबलेल्या असत. तिने आईला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं, या वेळी मानपत्र सरळ करून. मग खाली नेलं. आणि आठवडाभरात आईला तिथे अर्धवेळ काम मिळालं, बेसमेंटच्या किल्लीसकट. ती किल्ली आई देव्हाऱ्यात ठेवायची, कुंकवाच्या करंड्याशेजारी. त्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने शोव्हल करता करता ती गुणगुणत होती हे मला अजून ऐकू येतं. माझ्या आईला गाता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

शाळा साडेतीनला सुटायची. मी तळ्याच्या कडेने चालत यायचे, बूट दारात काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर खाली उतरायचे. लांब टेबलाशी आई बसलेली असे, हातात पांढरे सुती हातमोजे, पुढ्यात कागदांचा गठ्ठा. तिचं सुरुवातीचं काम म्हणजे जुन्या कागदांना लागलेल्या गंजक्या टाचण्या आणि क्लिपा अलगद काढायच्या. एकेक टाचणी ती अशी काढायची की जणू काटा रुतलेलं मूल समोर बसलंय. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी. तिथे शाई चालत नसे, फक्त पेन्सिल, म्हणून माझा गृहपाठही पेन्सिलीनेच होई. आणि घरी जायच्या आधी एक पान मराठी लिहायचंच, ही आईची अट. मी कुरकुरायचे. "व्हाय? नोबडी रीड्स इट हिअर," मी म्हणायचे. "मी वाचते ना," ती म्हणायची. आज हे लिहितेय ते त्या पेन्सिलीच्या पानांच्या जोरावर.

काय काय होतं त्या खोक्यांत. उत्तरेकडून आलेला, वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेला एक अस्वलाएवढा रागीट उंदीर, किंवा उंदराएवढं अस्वल, नक्की ठरत नसे. मण्यांनी मढवलेले हरणाच्या कातड्याचे जोडे, ज्यांना अजून धुराचा वास होता. मुलांनी काढलेली चित्रं, त्यांत पंतप्रधानांचे कान दर वेळी डोक्याहून मोठे. लोणच्याच्या पाककृती, कारण लोक पंतप्रधानांना लोणच्याच्या पाककृतीही पाठवत. आणि ते मोजे. प्रांताच्या उत्तर भागातली कुणी एक बाई दर शरद ऋतूत एक जोडी विणून पाठवायची आणि सोबत चिठ्ठी: पाय गार पडलेल्या माणसाने निर्णय घेऊ नयेत. नाव नाही, पत्ता नाही. मोजे बाकीचे कोरे होते, हा एकच जोड घातलेला, टाच झिजलेली, रफू केलेलं.

आईने ते रफू उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "हे त्यांनी स्वतः केलंय. सवयीच्या हाताचा टाका असा भांडत नाही."

डोरीन हसली, पण लगेच कार्ड काढून लिहायला बसली. खाली लिहिलं, मत सुनंदाचं, आणि तारीख. आई बघतच राहिली. "माझं मत कशाला?"

"कोण म्हणालं ते लिहायचं," डोरीन म्हणाली. "चूक निघालं तरी. उद्या कुणीतरी येऊन विचारेल, हे कोणी ठरवलं? तेव्हा माणूस सापडला पाहिजे."

हे आईला इतकं आवडलं की ती घरी येऊन बाबांना दोनदा सांगत बसली. तिच्या पुण्याच्या दफ्तरखान्यातही हाच कायदा होता म्हणे. कागदाखाली हात कोणाचा, ते हवं. परक्या देशात आपला नियम भेटला की माणसाला माहेर भेटल्यासारखं होतं, आईला तसं झालं असावं. डबा आम्ही जिन्यात बसून खायचो, कारण खाली खायला बंदी. पोळीचा लाडू, कधी चिवडा. डोरीन थर्मासमधला चहा घेऊन शेजारच्या पायरीवर यायची आणि लाडू मागून घ्यायची. तिला त्याचं नाव कधीच धड म्हणता आलं नाही, पण खाण्यात खंड पडला नाही.

दोन हिवाळे असे गेले. मला ते दोनच होते हे पटत नाही. माझ्या हिशेबी माझं सगळं लहानपण त्या टेबलाशी गेलं.

आता समईचं.

समई आधीपासून तिथेच होती, शेल्फवर, कागदात गुंडाळलेली. तिसऱ्या वर्षी 'जगाच्या भेटी' नव्याने मांडायचं ठरलं तेव्हा डोरीनने ती सोडली. पितळेची, माझ्या कमरेपर्यंत येईल एवढी, फिरकीने जोडायच्या चार तुकड्यांची, वर मोर. त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी हीच पेटवली होती, आणि निघताना यजमानांनी हीच त्यांना बांधून दिली होती. तेलाची वाटी काळीकुट्ट, मोराची मान काळी, खालची बैठक तपकिरी आणि चिकट. आईने ती पाहिली आणि टाचण्या काढत राहिली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, "परक्याच्या घरात आपली समई, आणि तिची ही दशा."

दिवाळी आठवड्यावर आली होती. शनिवारी डोरीन तिच्या बहिणीकडे गेलेली. आईने स्टीलच्या डब्यात भिजवलेली चिंच घेतली, पुडीत मीठ घेतलं, जुन्या सुती साडीचे तुकडे घेतले, देव्हाऱ्यातली किल्ली घेतली आणि मला म्हणाली, "चल, गंमत करू."

"आई, आर वी अलाउड?"

"अगं, घासायला कसली परवानगी? घासलेली समई बघून कोण रागावतं?"

कागदाच्या बाबतीत आईइतकं सोवळं तिथे कुणी पाळत नव्हतं. पत्रावरचा चहाचा डाग असला तरी ती त्याच्या आजूबाजूला हळू आवाजात बोलायची. पण समई तिच्या लेखी जुनी नव्हतीच. कागद जुना होतो. समई नुसती घासायची राहिलेली असते. यात तिचं काय चुकलं हे मला आजही पटकन सांगता येत नाही.

बेसमेंटच्या वॉशरूममधल्या सिंकशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. आईने हातमोजे काढून खिशात ठेवले. हातमोजे घालून का कुणी समई घासतं. मोर आणि बैठक माझ्याकडे, वाटी आणि मधला दांडा तिच्याकडे. चिंच आणि पितळ एकत्र आलं की एक वास सुटतो, आंबट आणि धातूचा, दातांनाच जाणवणारा; तो आला आणि आई एकदम बोलायला लागली. पुण्याच्या तिच्या चाळीतल्या मोरीबद्दल, तिथे दिवाळीआधी भांडी घासायला लागणाऱ्या रांगेबद्दल, एका मावशींबद्दल ज्या दुसऱ्यांच्या भांड्यांना नावं ठेवत. काळं पाणी गरगरत जाळीतून जात राहिलं. हळूहळू मोराची मान पिवळी झाली, मग मोराचे डोळे दिसले, मग डोळ्यांच्या कडेची रेघ. माझी बोटं सुरकुतून गुलाबी झाली. मी इतकी खूश होते की मराठीत बोलत होते.

कोरडी करून आम्ही ती टेबलावर जोडली, एकीने धरायची, दुसरीने फिरवायची. बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली ती अशी झळकली की आईने नमस्कार केला. वात लावायचा मोह मात्र आवरला. "इथे आग चालत नाही," म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

सोमवारी मी जिना उतरले तेव्हा डोरीन स्टुलावर बसलेली होती आणि आई समोर उभी. डोरीनच्या हातात समईचं जुनं कार्ड. त्यावर लिहिलं होतं, काजळी आणि तेलाच्या डागांसह. ती काजळीच तर ठेवा होती. पंतप्रधानांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या ज्योतीची काजळी, तेवढ्यासाठी कुणी इतकी वर्षं तिला फडकं लावलं नव्हतं.

"धुतलीस?" डोरीनने विचारलं. रागाने नाही, दमल्यासारखं.

आईला समजावून सांगावं लागलं नाही. मोडी कागदावरचा डाग कुणी धुतला असता तर तिने त्याला जन्मभर माफ केलं नसतं, आणि हे तेच होतं. ती एवढंच म्हणाली, "लिही. सुनंदाने घासली. चिंच आणि मीठ. तारीख घाल."

डोरीनने हातातलं कार्ड उलटसुलट केलं. मग म्हणाली, "हे लिहिलं तर संग्रहालयाचं बोर्ड वाचणार. ते तुझी किल्ली काढून घेतील, सुनंदा. मला तू इथे हवी आहेस." तिने जुनं कार्ड स्वेटरच्या खिशात घातलं, नवं कोरं काढलं आणि पेन्सिलीने लिहिलं, आली तेव्हाच घासलेली होती. कोणी ठरवलं, कोण म्हणालं, काही नाही. मग उठून तिने आईला मिठी मारली.

माझा जीव भांड्यात पडला. आईचा पडला नाही.

रात्री जेवताना तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "तिने सांभाळून घेतलं ना तुला? मग आपणहून नाव लिही म्हणून कोण मागे लागतं? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"अहो, पण कागद खोटा झाला."

"कुणाला कळणार आहे?"

"म्हणूनच," आई म्हणाली.

आणखी दोन आठवडे ती गेली. टाचण्या काढायची, पण गुणगुणणं बंद झालं होतं. बोर्डाला खरं सांगावं तर डोरीन अडकणार होती. न सांगावं तर ते कार्ड तसंच राहणार होतं. मध्ये उरली ती किल्ली. एका शुक्रवारी आईने ती रुमालात गुंडाळून नेली आणि डोरीनच्या हातात ठेवली. डोरीन रडली, आई रडली नाही. गाडीत मी रडले. "यू रुइन्ड इट," मी तिला म्हणाले, "एव्हरीथिंग." ती समोर रस्त्याकडे बघत होती. विंडशील्डवर बारीक बर्फ येत होतं. "खोट्या कागदाशेजारी बसून मला खरे कागद नाही गं लावता येत," ती म्हणाली. अकरा वर्षांच्या मुलीला हे काय कळणार. मी तिच्याशी आठवडाभर फक्त इंग्रजीत बोलले.

पुढे आई एका ग्रोसरीच्या बेकरीत लागली. वाढदिवसाच्या केकवर क्रीमने नावं लिहायची. तिचं अक्षर इतकं सुरेख की लोक तिलाच मागायचे. मग आम्ही हॅमिल्टनला गेलो. मग आई आजारी पडली, आणि मी विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेली. मधलं मला सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की त्या इमारतीचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही, आणि मी निघू दिलं नाही.

"तू भारतातली ना," लॉरा मोज्यांचं खोकं बंद करत म्हणाली, "मग तुला आमची सगळ्यात लाडकी वस्तू दाखवायलाच हवी." तिने मला हातमोजे दिले, स्वतः घातले आणि शेल्फवरून दोन्ही हातांनी समई आणली.

मी ओळखली नाही, खरं सांगते. झळाळी केव्हाच उतरली होती. आता ती मधाच्या रंगाची, शांत, म्हातारी झाली होती. आणि तिच्या अंगभर, दांड्यावर, वाटीच्या काठावर, मोराच्या पाठीवर बोटांचे ठसे होते. गडद तपकिरी, स्वच्छ, प्रत्येक रेघ दिसेल असे.

लॉराने समजावलं. नुकतंच घासलेलं पितळ उघड्या हाताने धरलं की घामातला खार त्यात उतरतो. तेव्हा काही दिसत नाही, वर्षं जातात तसा ठसा वर येतो. "कार्डावर आहे, ही आली तेव्हाच घासलेली होती. म्हणजे हे हात देणाऱ्यांचे. विचार कर, तिकडच्या कुणीतरी भेट द्यायच्या आधी ही घासली, जोडली. नव्या प्रदर्शनात आम्ही ठशांवरच प्रकाश सोडणार आहोत." मग तिने आवाज थोडा खाली आणला. "धातूची दुरुस्ती करणारी एक बाई ऑटव्याहून आली होती. तिचं म्हणणं, ठसे पितळ खातात. देणाऱ्यांचे असतील तर तो इतिहास, जपायचे. नंतर इथल्या कुणी लावले असतील तर ते नुकसान, काढून टाकायचे. नशीब, कार्ड होतं."

मी खाली वाकले. दांड्यावर एक अंगठा होता, आणि त्याच्यावर तिरपी रेघ. आईच्या उजव्या अंगठ्याला विळीचा जुना व्रण होता, नारळ खवताना झालेला.

आई गेल्यावर घरात मी तिला कुठे कुठे शोधलं होतं. बाबांनी तिचे स्वेटर धुऊन ठेवले होते, धुतल्यावर त्यांना साबणाचा वास येत होता. फोनवरचा तिचा निरोप कधीतरी आपोआप पुसला गेला. तिच्या वह्या होत्या, पण वहीला आई म्हणता येत नाही. मला ती हवी होती, वस्तू नको होत्या. आणि ती इथे होती, हजारभर मैलांवर, एका पंतप्रधानांच्या तळघरात, अंगठा उमटवून. माझीही बोटं होती, मोराच्या पाठीवर, लहानलहान, तिच्या बोटांच्या मधे मधे.

लॉराला फोन आला म्हणून ती कोपऱ्यात गेली. मी समईसमोर उभी राहिले. काही न बोलता निघून गेले असते तर हे ठसे राहिले असते. त्यांच्यावर प्रकाश पडला असता, शाळेची मुलं येऊन बघून गेली असती, मीही दर वर्षी येऊ शकले असते. खाली फक्त चुकीची चिठ्ठी असती, देणाऱ्यांचे हात. ज्या कार्डापायी आईने किल्ली परत दिली, त्याच कार्डाने आईचा अंगठा जपून ठेवला होता. मी फार चांगली मुलगी नव्हते. मला गप्प बसावंसं वाटलं, अगदी मनापासून.

"डोरीन कुठे असते आता?" लॉरा परत आल्यावर मी विचारलं.

"ती गेली. तीन वर्षं झाली."

म्हणजे आता कुणी अडकणार नव्हतं. कारण संपलं होतं.

"हे ठसे माझ्या आईचे आहेत," मी म्हणाले. "आणि छोटे माझे. कार्ड खोटं आहे."

लॉराने ऐकून घेतलं. चिंच, मीठ, सिंक, सोमवार, हिरवा स्वेटर, सगळं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाली, "तुला कळतंय ना, आता मला हे ठसे काढून घ्यावे लागतील. फोटो घेऊन ठेवू. पण ठसे राहणार नाहीत."

"कळतंय."

"आणि तरी सांगितलंस."

"तिने तेव्हाच सांगितलं होतं. फक्त लिहिलं गेलं नव्हतं."

तिने एक फॉर्म आणला आणि पेन्सिल दिली. कोणी, तिथे मी आईचं पूर्ण नाव लिहिलं, इंग्रजीत, आणि खाली मराठीत. कशाने, तिथे चिंच, मीठ, जुनी सुती साडी. कारण असाही एक रकाना होता. तिथे मात्र मी थांबले. कितीतरी लिहिता आलं असतं. शेवटी लिहिलं, दिवाळी जवळ आली होती. मग माझं नाव, माझं तेव्हाचं वय, सही.

लॉराने फॉर्म वाचला. समईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी वर जाऊन याची कॉपी काढून आणते. दहा मिनिटं लागतील." दारापाशी ती थांबली. "हवं तर हातमोजे काढ. तसंही सगळं साफच होणार आहे."

मी हातमोजे काढले. दांडा गार होता. आईचा अंगठा शोधायला वेळ लागला नाही. त्यावर मी माझा अंगठा ठेवला, आणि तिचा ठसा पूर्ण झाकला गेला, चारी बाजूंनी. माझ्या आईचा हात एवढा लहान होता, हे मला माहीत नव्हतं.